झील आणि जाहीरनामा : लाल बावटा कलापथकाच्या भाषेचा एक विचार

'लाल बावटा कलापथक' या नावातच दोन भाषा एकत्र आलेल्या आहेत. 'बावटा' हा शब्द जत्रेतल्या काठीचा, बंदरातल्या गलबताचा, रोजच्या बोलण्यातला. 'कलापथक' हा संस्कृत घडणीचा, सभासंमेलनांच्या निमंत्रणपत्रिकेत शोभणारा. या मंडळींनी स्वतःस 'रक्तध्वज' म्हणवून घेतले असते तर ते गिरणगावात परके ठरले असते. 'फड' म्हणवून घेतले असते तर त्यांच्या मागे उभ्या असलेल्या पक्षातील सुशिक्षित मंडळींना संकोच वाटला असता. नाव ठेवणाऱ्यांनी हा हिशेब जाणूनबुजून केला असेल असे नाही. तथापि या पथकाचा पुढचा सारा इतिहास या नावाच्या दोन अर्ध्यांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे मला वाटते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

हा इतिहास सामान्यतः तीन व्यक्तींच्या चरित्रांतून सांगितला जातो. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) हे वाळवा तालुक्यातील वाटेगावचे; त्या वेळी हा भाग सातारा जिल्ह्यात होता, १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. अमर शेख (१९१६–१९६९) हे बार्शीचे, तेथील गिरणीत कामगार म्हणून राबलेले. तिसरे दत्ता गव्हाणकर. या तिघांनी १९४४ साली मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या छायेखाली हे पथक उभे केले. गिरण्यांची फाटके, चाळींची मैदाने, शेतकरी परिषदा ही त्याची रंगभूमी. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिघांचेही आवाज दुमदुमले, आणि १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने अण्णा भाऊ व अमर शेख दोघेही गेले. हा आराखडा खरा आहे. पण तो जिवांचा आहे, कलाप्रकाराचा नाही. शाहिराचे चरित्र म्हणजे शाहिरीचा इतिहास नव्हे, ही साधी गोष्ट आपल्या अभ्यासक्रमांतून फार वेळा विसरली जाते.

शाहिरी हा कधीच एकट्याचा व्यापार नसतो. डफावर थाप मारून शाहीर एक चरण उचलतो, आणि मागे तुणतुणे व झांजा घेऊन उभे असलेले साथीदार त्याचा शेवट पकडून वर नेतात. या साथीस 'झील' म्हणतात. तिला बहुधा स्वतंत्र अर्थाचे शब्द नसतात. 'जी' या एका अक्षराची ती आवर्तने असतात. परंतु 'जी' हे होकाराचे अक्षर आहे, हे ध्यानात घ्यावे. कोणीतरी सांगतो आहे आणि कोणीतरी ते ऐकून मान्य करतो आहे, असा संवाद पोवाड्याच्या रचनेतच गृहीत असतो. तमाशात हे नाते अधिक मोकळे होते. सरदार एक म्हणतो, सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ लावतो. बतावणीचा सारा डोलारा या अडवणुकीवर उभा असतो. पोवाड्यातील दुसरा आवाज होकार देतो, बतावणीतील दुसरा आवाज हरकत घेतो. दोन्हींमुळे एक गोष्ट घडते : पहिल्या आवाजाची सत्ता निर्विवाद राहत नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे की लाल बावटा कलापथकाचे राजकारण जेथे जिवंत झाले तेथे ते या दुसऱ्या आवाजात जिवंत झाले. आणि जेथे दुसरा आवाज मुका झाला तेथे मागे उरला तो ठराव. ही केवळ रंगभूमीची बाब नाही. कोणाची बोली प्रश्न विचारते आणि कोणाची बोली उत्तर देते, यावरून नाट्याचे खरे राजकारण ओळखता येते. पात्रांच्या तोंडच्या मतांवरून नव्हे.

या दृष्टीने पाहता अण्णा भाऊंची जन्मभूमी नुसता चरित्रातला तपशील राहत नाही. सांगलीचे नाव नाट्येतिहासात विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या 'सीता स्वयंवरा'मुळे घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात सावळज आहे. तमाशातील पहिला वग म्हणून परंपरा ज्याचा निर्देश करते तो १८६५ च्या सुमाराचा 'मोहना-बटाव' सावळजच्या उमा-बाबाजींचा, म्हणजे एका मांग कलावंताचा. वाळवा तालुक्यातच रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. पुढे पठ्ठे बापूराव म्हणून ते तमाशाचे अनभिषिक्त राजे झाले व त्यासाठी ब्राह्मण्यावर पाणी सोडून बसले. भावे यांच्या नावाचे स्मारक व दरसाल त्यांचे स्मरण करणारा दिवस आपल्यापाशी आहे. सावळजच्या वाट्याला असे काहीही आलेले नाही. यावर अधिक भाष्य करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र अण्णा भाऊ नात्यातील बापू साठे यांच्या फडात तमाशा शिकले, हे सांगताना ते एखाद्या मागास कलेकडून पुरोगामी कलेकडे 'वळले' अशी जी भाषा वापरली जाते ती चुकीची आहे. ते आपल्याच घरच्या विद्येस नवे काम देत होते.

नवे काम देणारेही ते पहिले नव्हते. सत्यशोधक जलशांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच सातारा भागात तमाशाचा सांगाडा घेऊन त्यातील मजकूर बदलला होता. त्यानंतर आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग अधिक निश्चयाने अनुसरला. गणातील गणपती, गौळणीतील कृष्णलीला यांची जागा विचारप्रबोधनाने घ्यावी, हा प्रघात या जलशांनी पाडला. कलापथकाच्या लोकनाट्यांत गणामध्ये मातृभूमीस, हुतात्म्यांस व श्रमिकांस वंदन असते आणि गौळण नसते, हे नेहमी क्रांतिकारक नावीन्य म्हणून सांगितले जाते. ते नावीन्य नव्हते, वारसा होता. नावीन्य अन्यत्र होते. जलशातील बतावणी बहुधा सत्यशोधक व भटजी यांच्या वादाची असे, आणि त्या वादात कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असे. अण्णा भाऊंच्या लोकनाट्यांतील अडाणी वाटणारा माणूस वाद जिंकत नाही. तो समोरच्याला बोलू देतो, मध्येच एखादा साधा प्रश्न विचारतो, आणि समोरचा स्वतःच्याच भाषेत अडकतो.

नावे पाहिली तरी हे कळून येते. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'देशभक्त घोटाळे', 'बेकायदेशीर', 'पुढारी मिळाला'. यातील बहुतेक नावे वरच्या थराच्या शब्दकोशातून उचललेली आहेत. पण ती गावकऱ्याच्या तोंडून ऐकू येतात. 'निवडणूक' न म्हणता 'इलेक्शन' म्हणण्यात शब्दाचा परकेपणा तसाच ठेवलेला आहे : ही शेटजींची भानगड आहे, आमची नव्हे. 'लोकमंत्री' हा शब्द तर कागदावर आदरार्थी आहे, आणि 'दौरा' त्याच्या शेजारी येताच तो आदर आपोआप गळून पडतो. 'घोटाळे' हे आडनावासारखे लावल्याने 'देशभक्त' ही पदवी दोन शब्दांतच निकालात निघते. व्यंग्य साधण्याची ही रीत नवा शब्द घडवीत नाही. सत्तेचा शब्द घेऊन तो दुसऱ्या आवाजात उच्चारून दाखविते. वारणाकाठचा माणूस 'हाय', 'न्हाई', 'व्हय' अशा रूपांत बोलतो, 'करतोय' ऐवजी 'करतुया' म्हणतो. या बोलीच्या मधोमध 'लोकमंत्री' हा शब्द आला की तो इस्त्री केलेल्या कोटासारखा वेगळा दिसतो. येथे बोली सजावटीसाठी नाही. ती मोजपट्टी आहे, आणि मोजला जातो तो प्रमाणभाषेतील शब्द.

याच्या उलट उदाहरण कलापथकाच्या आरंभीच्या पोवाड्यांत सापडते. अण्णा भाऊंचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा' दुसऱ्या महायुद्धातील त्या संग्रामावर रचलेला. त्याची कीर्ती मोठी, आणि त्यातील आवेशाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पोवाड्यास लागणारा वेढा, अन्नपाण्याची तूट, अखेरचा प्रतिहल्ला हे सारे घटक विषयातच हजर होते. परंतु श्रोता येथे केवळ होकार देऊ शकतो. ज्या नगरीचे नावच जिभेवर बसवायला वेळ लागतो, तिच्याविषयी हरकत घेण्याइतकी ओळख त्याला कोठून असणार? झील आहे, पण ती टाळीसारखी आहे.

या पोवाड्यांचा काळही विसरता येत नाही. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत कम्युनिस्ट पक्षाने महायुद्ध हे 'लोकयुद्ध' मानले व 'छोडो भारत' आंदोलनापासून तो दूर राहिला. नेमक्या त्याच वर्षांत, १९४३ ते १९४६ मध्ये, अण्णा भाऊंच्या गावाभोवती क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार नांदत होते. कुंडल हे त्याचे केंद्र, तुफान सेना हे त्याचे दल. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी अडविण्यात आली. या सरकारलाही त्याचे शाहीर होते. शाहीर शंकरराव निकम यांच्या पोवाड्यांनी कृष्णाकाठची गावे जागविली, आणि ग. दि. माडगूळकरांनी त्यांच्यासाठी पोवाडे लिहून दिले. म्हणजे एकाच नदीखोऱ्यातील दोन शाहिरी प्रवाह या काळात दोन वेगळ्या सरकारांविषयी गात होते : एक दूर व्होल्गाकाठच्या, दुसरा शेजारच्या शिवारातल्या. कलापथकाचा गौरव करणारे लेखन या विसंगतीजवळून पाय न वाजवता निघून जाते. ती झाकण्याजोगी आहे असे मला वाटत नाही. नाना पाटील पुढे स्वतःच कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ साली सातारा भागातून लोकसभेवर निवडून आले. इतिहासाने ती गाठ सोडविली. पण १९४४ मध्ये ती होती, आणि भाषेत तिच्या खुणा आहेत.

त्यातील एक खूण भाषाभ्यासकास विशेष मोलाची आहे. 'प्रतिसरकार' हा शब्द सुशिक्षितांनी घडविला. लोकांच्या तोंडी तो 'पत्री सरकार' झाला. हा उच्चारातील निष्काळजीपणा नव्हे. 'प्रति'मधील रकार जागा बदलून पुढच्या अक्षरावर गेला, हा वर्णविपर्ययाचा प्रकार मराठी बोलींत नवा नाही. परंतु रूप बदलताच अर्थही बदलला. खबऱ्या व गुंड यांना हे सरकार घोड्याच्या नालासारख्या पत्र्या पायाला ठोकते, अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात शिक्षा तळपायांवर काठीचे फटके मारण्याची असे, असे सांगितले जाते. लोकव्युत्पत्तीने एका कायदेशीर संकल्पनेला दंडशक्ती दिली. कोणत्याही शाहिराने हे केलेले नाही. श्रोत्याने शब्द ऐकला, तो आपल्या जिभेवर फिरवून परत दिला, आणि राज्य ज्याला घाबरले तो परत आलेला शब्द होता. झिलीचे इतके प्रभावी उदाहरण मला अन्यत्र दिसलेले नाही. 'लोकयुद्ध' या शब्दाचे असे काही झाले नाही. तो ज्या रूपात आला त्याच रूपात गेला.

कलापथकाची खरी परीक्षा 'मुंबई' या विषयावर झाली. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवाची लावणी रचली होती. तीत पाहणारा माणूस गावाकडचा, डोळे विस्फारलेला, शहराच्या रूपावर भाळलेला आहे. अण्णा भाऊंनी 'मुंबईची लावणी' लिहिली ती या लावणीस उत्तर म्हणून वाचली पाहिजे. दोघे एकाच तालुक्यातले, दोघांच्या कानांत एकच ठेका. लावणीची नायिका जशी नखशिखांत वर्णिली जाते तशी येथे नगरी वर्णिली जाते. परंतु मलबार हिलवरून नजर खाली परळात उतरते तेव्हा शृंगाराचा ठेका तसाच चालू राहतो आणि त्यात बसणारे शब्द मात्र उपासमारीचे येतात. उपरोध ठेक्याच्या व शब्दांच्या या विसंवादात आहे. श्रोत्याचे पाऊल एकीकडे ताल धरते, मन दुसरीकडे अडखळते. दुसरा आवाज येथे झीलकऱ्याचा नाही, पूर्वीच्या लावणीचा आहे; ती ऐकलेल्या माणसालाच तो ऐकू येतो.

'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीविषयी इतके बोलले गेले आहे की तिच्या शीर्षकातील एका प्रत्ययाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रमाणभाषेचा लेखक 'गावी राहिली' किंवा 'गावाकडे राहिली' असे म्हणेल. 'गावावर' हे रूप मळ्यावर, वस्तीवर, कामावर या रूपांच्या पंक्तीतले. आणखी एक छटा आहे. आपल्या बोलीत पोरे आजीवर टाकून बाई मजुरीला जाते, रान भावावर सोडून माणूस मुंबईला जातो. येथे '-वर' हा प्रत्यय जागा दाखवीत नाही, भिस्त दाखवितो. मैना गावात आहे एवढेच नव्हे, तर गावाच्या भरवशावर आहे. आणि 'राहिली' हे क्रियापद अकर्मक : कोणी ठेवली, ते सांगत नाही. पुढे हीच छक्कड बायकोच्या विरहातून संयुक्त महाराष्ट्राकडे वळते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे येतात. तेव्हा हे अकर्मक क्रियापद आपले खरे काम करते. प्रांत 'राहिले' म्हटले की श्रोता मनात विचारतो, कोणी ठेवले? आरोप शाहीर करीत नाही, श्रोता करतो. ठराव लिहिणाऱ्याने हे वाक्य सकर्मक क्रियापद घेऊन लिहिले असते, ठेवणाऱ्याचे नाव दिले असते, आणि श्रोत्याला काही काम उरले नसते. १९५६ ते १९६० या चळवळीच्या वर्षांत या रचनेने जे केले ते वृत्तपत्रांतील अग्रलेखांना जमले नाही, याचे एक कारण या व्याकरणात आहे असे मी मानतो.

सत्तेने हे ओळखले होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना तमाशावर बंधने आली व कलापथकाच्या प्रयोगांनाही मनाई झाली. 'तमाशा' हा शब्द टाकून 'लोकनाट्य' हा शब्द रूढ होण्यास हे एक निमित्त झाले, असे सांगितले जाते. बंदी चुकविण्याची ती युक्ती असेल तर ती सफल झाली. परंतु तिची किंमत भाषेने दिली. फारसी-अरबी वाटेने आलेला, पाहण्याची क्रिया सांगणारा 'तमाशा' हा शब्द प्रेक्षकाच्या बाजूचा होता. 'लोकनाट्य' हा समीक्षकाच्या बाजूचा आहे. या नव्या नावाने पुढे जे सुशिक्षित नाट्य वाढले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या 'पुढारी पाहिजे'पासून १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'पर्यंत, त्यात गुणवत्ता आहे, हशा तर विपुल आहे. पण बोलीचे स्थान तेथे हळूहळू सरकते. गावरान बोलणे ही मोजपट्टी राहत नाही, विनोदाचे साधन होते. प्रेक्षागृहात बसलेल्याला त्या बोलण्याची गंमत वाटते; आपण मोजले जात आहोत असे वाटत नाही.

दुसऱ्या आवाजाचे तंत्र एखाद्या पक्षाच्या मालकीचे नसते, हेही येथेच नोंदवावे. वाई तालुक्यातील पसरणीचे शाहीर कृष्णराव साबळे यांनी १९६६ मध्ये गाजविलेले 'आंधळं दळतंय' हे मुक्तनाट्य मुंबईतील मराठी माणसाच्या गाऱ्हाण्यावर होते, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेस त्याने भूमी तयार करून दिली असे मानले जाते. म्हण अर्धीच उच्चारून उरलेली श्रोत्याकडून पुरी करून घेणारे ते शीर्षक झिलीच्या तत्त्वाचा उत्तम नमुना आहे. सातारा-सांगलीच्या मातीतून एकच कसब घेऊन निघालेले दोन शाहीर एकाच महानगरात दोन भिन्न दिशांना गेले. म्हणून कलाप्रकारालाच पुरोगामी ठरविणारी समीक्षा मला भाबडी वाटते.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचाही नाही. राजकीय गाणाऱ्यांचा ताफा लोकांच्या नाचगाण्याचा प्रकार हाती घेतो तेव्हा तो प्रकार आपल्या अटी बरोबर आणतो. इंग्लंडमधील यॉर्क येथे १९८२ साली 'रेडस्किन्स' नावाचा एक वाद्यवृंद उभा राहिला. त्याचे सभासद तेथील सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचे. १९८४–८५ च्या खाणकामगारांच्या संपात त्यांनी संपकऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले, आणि १९८६ मध्ये एकच पूर्ण ध्वनिमुद्रिका काढून ते पांगले. त्यांनी निवडलेला प्रकार होता अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे 'सोल' संगीत. 'सोल'चे मूळ चर्चमधील प्रार्थनेत आहे : उपदेशक हाक देतो, मंडळी उत्तर देतात. म्हणजे शाहीर व झील हेच नाते. त्याच पिढीतील 'द स्पेशल्स' या कृष्णवर्णी व गोऱ्या तरुणांच्या वाद्यवृंदाने जमैकातील 'स्का' हा नृत्यप्रकार घेतला. त्याचा जोर मात्रांच्या मधल्या जागांवर पडतो. मुख्य ठोक्यास सतत कोणीतरी कोपरखळी मारत आहे असे वाटते. १९८१ साली त्यांचे ओसाड पडलेल्या शहरावरील गाणे इंग्लंडात खपाच्या यादीत पहिले आले. त्यात घोषणा नव्हती. 'रेडस्किन्स'च्या गाण्यांत घोषणा पुष्कळ होत्या, तरी ती टिकली ती पितळी वाद्ये गायकास जेथे उलट उत्तर देतात तेथे, असे ऐकणाऱ्यास वाटते. एक फरक मात्र महत्त्वाचा. त्या इंग्रज तरुणांनी दुसऱ्यांचा प्रकार आदराने उसना घेतला होता. अण्णा भाऊंना काही उसने घ्यावयाचे नव्हते. उसने घेतले होते ते पक्षाचे शब्द. त्यामुळे दोघांचा धोका उलट बाजूंनी येतो : तेथे सूर परका वाटण्याचा, येथे शब्द.

आतापर्यंत कलापथकाच्या बाजूने मी पुष्कळ बोललो. एक गंभीर उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. गौळण काढून टाकली ती भक्तीच्या आवरणाखालील चावटपणा नको म्हणून. परंतु तमाशाच्या साऱ्या बांधणीत बाईला उलट बोलण्याची जी हमखास जागा होती ती गौळणच होती. गवळणी कृष्णाला अडवितात, मावशी पेंद्याला झोडपते. मावशीचे सोंग पुरुष घेत असला तरी बोलणे बाईचे असते, आणि ते हरकतीचे असते. देव काढताना बाईही गेली. गणात श्रमिक आला; पण तो बहुतेक पुरुषच. वगात शेतकरी, सावकार, मंत्री, पोलीस यांच्या गर्दीत स्त्रीपात्र आले तर ते सोसण्यासाठी येते. आणि ज्या रचनेचे मी वर एवढे कौतुक केले त्या छक्कडीत मैनेचे जे काही आपल्याला कळते ते पुरुषाच्याच तोंडून कळते. गावाच्या भरवशावर राहिलेल्या बाईला भरवशाविषयी काय वाटले, हे विचारणारा आवाज तेथे नाही. दुसऱ्या आवाजाची इतकी जाण असलेल्या कवीने तो येथेच मुका ठेवावा हे खटकते.

हा आवाज अण्णा भाऊंना ऐकू येत नव्हता असे मात्र नाही. 'वैजयंता' ही तमाशातील स्त्रीवरची त्यांची कादंबरी, जिच्यावरून १९६१ साली चित्रपटही निघाला. 'चित्रा', 'आवडी' या त्यांच्या आणखी नायिका. या बाया बोलतात, अडवितात, नकार देतात. रंगमंचावरून गेलेली गवळण कादंबरीत परत आली असे म्हणता येईल. पण ती आली छापील पानावर, एकेकट्या वाचकासाठी, आणि तिचे बोलणे वेढून बसलेले निवेदन मात्र प्रमाणभाषेतले. ढोलकीसमोरच्या जमावाला तिचे उत्तर मिळाले नाही. 'फकिरा' (१९५९) विषयी आपल्याकडे जितके प्रबंध झाले त्याच्या शतांशानेही या स्थलांतराचा विचार झालेला माझ्या वाचनात नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कलापथकाच्या रचना आज आपण छापील संहितांतून शिकवितो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने निवडक वाङ्मयाचा मोठा खंड उपलब्ध करून दिला, त्याचा उपयोग निःसंशय आहे. परंतु पोवाडा छापण्याची आपली रीतच अशी आहे की शाहिराचे चरण पूर्ण छापले जातात आणि झिलीसाठी एखादे अक्षर ठेवले जाते. कोणत्या चरणानंतर झील दोनदा येते, कोठे ती शाहिराचा शब्द तोडून मध्येच शिरते, कोठे तुणतुणे थांबते, याची खूण कागदावर राहत नाही. बतावणीत तर सोंगाड्याचे निम्मे बोलणे त्या त्या गावी, त्या त्या रात्री सुचलेले असे. छापील प्रत ही एका रात्रीची प्रत असते. त्यात भर म्हणून मुद्रितशोधक 'न्हाई' चे 'नाही' करतात, आणि जेथे बोली मोजपट्टी होती तेथे एकसारखी पट्टी फिरते. वाटेगाव, कुंडल, सावळज, रेठरे या पट्ट्यात जुन्या फडांत साथ केलेल्या माणसांकडून ऐकत आलेले वयस्क झीलकरी व सुरत्ये अद्याप भेटतात. त्यांना शाहिराचे चरण नेहमीच आठवतात असे नाही. आपण कोठे शिरायचे ते मात्र ते हाताने मांडीवर ठोकून दाखवितात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रण करावयाचे ते याचे. संहितेच्या डाव्या रकान्यात शाहीर, उजव्या रकान्यात झील, आणि बोलीची रूपे उच्चारली जातात तशीच, अशा रीतीने एखाद-दुसऱ्या लोकनाट्याची जरी प्रत आपल्या विभागाने सिद्ध केली तरी वर मांडलेली विधाने पडताळून पाहता येतील, आणि त्यातली काही खोडताही येतील.